रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

बचत गटांच्या कर्जाच्या वह्या माझ्या हाताखालून जातात. कर्जाच्या कारणात पोरांची फी असते, शिलाई मशीन असते, घरावरचे टिन असतात. आणि 'दवाखाना' हा शब्द तर दर दुसऱ्या पानावर. त्यातही अलीकडे अटॅक, ॲन्जिओ, लकवा हे शब्द वाढले आहेत. म्हणून आज एका छोट्या गोळीबद्दल बोलते. तिला आपण 'चरबीची गोळी' म्हणतो, डॉक्टर स्टॅटिन म्हणतात. तुमच्या चिठ्ठीवर बहुतेक ॲटोरवास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिन असं नाव असेल.

आमच्या एका गटातल्या ताईंचे मालक ऑटो चालवतात. त्यांना अटॅक आला. ॲन्जिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, मोठा खर्च वाचला. सुटी होताना चार-पाच गोळ्या लिहून दिल्या. सात-आठ महिन्यांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल नॉर्मल. ताई मला म्हणाल्या, "रिपोर्ट त नॉर्मल आला, मंग गोयी कायले खायाची?" घरात दोघांनी मिळून गोळी बंद केली. वर्षभराने दुसरा अटॅक आला. माणूस वाचला, पण ऑटो आता भाचा चालवतो. गोळी सोडली म्हणूनच दुसरा अटॅक आला, असं मी छातीठोक सांगणार नाही. त्यांचा खर्राही सुटलेला नव्हता. पण ताईंनी विचारलेला प्रश्न मात्र मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या बैठकीत ऐकते.

त्याचं उत्तर असं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. स्टॅटिन तिथे ते बनणं कमी करतं. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एल.डी.एल., म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे जातो.

दुसरी एक समजूत आहे, की नालीत गाळ साचतो तशी नस हळूहळू बुजते आणि पूर्ण बुजली की अटॅक येतो. हे अर्धंच खरं आहे. चरबी नसेच्या पोकळीत नाही, तिच्या भिंतीत साचते, कातडीखाली गळू व्हावं तशी. ते गळू एखाद्या दिवशी फुटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नस मिनिटांत बंद होते. म्हणून थोडासाच अडथळा असलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो. स्टेंट एका जागेचा अडथळा मोकळा करतो; बाकीच्या नसांमधली गळवं तशीच असतात. स्टॅटिन ती फुटू नयेत म्हणून काम करतं. अँजिओ झाली, आता बरे झालो, असं म्हणून भागत नाही ते यासाठी.

ही गोळी आली कुठून, तर बुरशीतून! जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशी तपासल्या आणि 1973 साली तांदळावर वाढणाऱ्या एका बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. 1987 मध्ये अमेरिकेत असं पहिलं औषध बाजारात आलं. 1994 मध्ये युरोपच्या उत्तरेकडच्या देशांतला 4,444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचेक वर्षांत गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले होते. त्या अभ्यासात बायका पाचव्या हिश्शाहूनही कमी होत्या, हे मला खटकलं. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बायकांनाही फायदा होतो हे स्पष्ट झालं.

मग सगळ्यांनीच घ्यायची का? नाही. शेजारणीला सुरू आहे म्हणून आपण मेडिकलमधून आणून खाऊ नये. ज्यांना अटॅक येऊन गेला, स्टेंट पडला, बायपास झाली किंवा नस बुजून लकवा मारला, त्यांना ती सहसा कायमची लागते. चाळिशीपुढच्या शुगरवाल्यांना डॉक्टर बहुधा देतात. एल.डी.एल. 190 च्या वर असेल तरी देतात. बाकीच्यांचं वय, बी.पी., तंबाखू, घरात कमी वयात कुणाला अटॅक आला का, हे सगळं पाहून ठरतं. तंबाखू म्हणजे फक्त पुरुषांचा खर्रा नाही बरं का. डॉक्टरांनी विचारलं तर गुडाखू, नस घासण्याचंही सांगा.

"गोळीने अंग दुखतं" ही तक्रारही येते. काहींचे स्नायू खरंच दुखतात. पण इंग्लंडमध्ये 60 जणांवर एक प्रयोग झाला. अंग दुखतं म्हणून गोळी सोडलेली ही माणसं. त्यांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने तशीच दिसणारी खोटी. जो त्रास व्हायचा त्यातला 90 टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. म्हणजे बाई खोटं बोलते असं नाही, दुखणं खरंच असतं. पण ते दर वेळी औषधामुळे नसतं. तेव्हा परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मात्र खूप अशक्तपणा, जोराचं अंग दुखणं आणि लघवी काळपट लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही जणांची शुगर थोडी वाढते, फायदा त्याहून मोठा असतो. मूल हवं असेल, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर हे आधी सांगायलाच हवं.

खाण्याचं विचारतात. जवसाची चटणी चांगलीच आहे, पण ती गोळीची जागा घेत नाही. आणि गोळी सुरू आहे म्हणून सावजीच्या तर्रीला मोकळं रान नाही. काही स्टॅटिन गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट नावाचं फळ चालत नाही. ते ऐकून एका काकूंनी संत्री सोडली होती! आपल्या नागपुरी संत्र्याने काही होत नाही.

आता पैशाचं. ॲटोरवास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी दवाखान्यात विचारा, नाही मिळाली तर जनऔषधी केंद्रात जा. तिथे ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त पडते. आपल्या शेजारी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानेही स्वस्त जेनेरिक औषधांची वाट धरली आहे. स्वस्त म्हणजे कमअस्सल, हे मनातून काढा. मला जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मालकांची गोळी संपायच्या आत घरात येते आणि बाईची संपली की "पुढच्या महिन्यात पाहू". कर्जाच्या अर्जात मी आजवर नवऱ्याची ॲन्जिओ वाचली, सासूचा लकवा वाचला. 'माझी औषधं' असं लिहिलेला अर्ज एकच आला. तो गटाने पाच मिनिटांत मंजूर केला.

पुढच्या बैठकीला घरातला लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी सोबत आणा, स्वतःचीसुद्धा. एल.डी.एल.चा आकडा कुठे लिहिलेला असतो ते मी दाखवीन. तो किती हवा हे अटॅक येऊन गेलेल्याला वेगळं आणि बाकीच्यांना वेगळं असतं, म्हणून ते डॉक्टरांनाच विचारायचं. तीस वर्षांच्या वर असून बी.पी., शुगर कधीच तपासली नसेल, तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात ती फुकट होते. जाताना दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे रांगेचा कंटाळा येत नाही.