आमच्या खेळातली जादू

मी रायपूरचा. घरात मराठी, कामाला हिंदी आणि भाजीबाजारात छत्तीसगढी, असं आमचं चालतं. मध्येच एखादा शब्द तिकडचा आला तर सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण दर रविवारी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रोलप्लेइंग गेम खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि जिथं काय होईल ते नक्की नसतं तिथं फासे टाकायचे. या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आम्ही जग मात्र घरचंच केलं. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेला रायपूरचे अठरा. छत्तीसगड हे नाव त्यांच्यावरूनच पडलं असं सांगतात. आयता नकाशा! रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांना मी मुद्दाम बाहेर ठेवलं. आपल्याच लोकांची कीर्ती आपणच किती गायची?

अडलं ते जादूपाशी. जुन्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मांत्रिक आधी मंत्र पाठ करतो आणि एकदा म्हटला की तो विसरतो. ही कल्पना जॅक व्हान्सची, १९५० च्या 'द डाइंग अर्थ'मधली. कल्पना झकास, पण आमच्याकडे तिचा मोबाइल डेटा झाला. आज किती उरला, उद्या किती मिळणार, एवढंच बोलणं. मग अर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'सारखं करून पाहिलं. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. पण बकरीपासून बाभळीपर्यंत सगळ्यांची खरी नावं शोधायची कोणी? मीच ना!

शेवटी मंत्र काढला आणि विसरणं तेवढं ठेवलं. आमच्या प्रत्येक गडाला एक तलाव आहे. तलावाला आपली एक आठवण द्यायची, त्याबदल्यात तो एक काम करतो. खेळाडू सुरुवातीला आपल्या पात्राच्या दहा आठवणी दहा चिठ्ठ्यांवर लिहितो. जादू केली की चिठ्ठी फाडायची, आणि त्या पात्राला ती गोष्ट पुन्हा कधीच आठवत नाही. पहिल्याच दिवशी एका पठ्ठ्यानं लिहिलं, 'मंगळवारी चीला खाल्ला.' म्हणून नियम आला की आठवणीची किंमत बाकीचे ठरवतील, एक ते सहा. चील्याला एक मिळाला. त्यानं तेवढ्यात वाघ परतवायचा प्रयत्न केला आणि वाघ काही परतला नाही.

सहा महिने मजेत गेले. मग हरेली आली. उत्तरेच्या पंचांगात ती श्रावण अमावास्या, आपल्या पंचांगात आषाढाची, म्हणजे दिव्यांची अवस. आमच्या घरी त्या दिवशी दिवे घासतात, आणि गावागावांत नांगर-कुदळ धुऊन पुजतात, दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या लावतात, पोरं गेडीवर चढून फिरतात. त्या रात्री टोनही हिंडते असाही समज आहे. मला वाटलं, वा, काय प्रसंग आहे! मी एक गाव रचलं. गुरं मरताहेत, गावात एक टोनही लपली आहे, आणि खेळाडूंनी आठवण देऊन तिला ओळखायचं.

आमच्यातल्या एकीनं फासे खाली ठेवले. म्हणाली, "भैया, माझ्या आजीच्या बहिणीला असंच ओळखलं होतं. गाव सोडावं लागलं तिला."

खोलीत कोणी बोलेना. मला तर सगळं माहीत होतं हो! छत्तीसगडात २००५ पासून टोनही प्रताडना निवारण कायदा आहे. एखाद्या बाईला नुसतं टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद, त्यावरून छळलं तर पाचपर्यंत. महाराष्ट्रातला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. हे वाचलेलं असूनही मी तोच खेळ मांडला होता, आणि वर बाई खरोखरच दोषी निघेल अशी सोयही करून ठेवली होती.

त्या रविवारी खेळ बंद केला. पुढच्या खेपेला तिनं आणि मी मिळून दोन नियम लिहिले. पहिला: जादू कोणी केली हे जादूनं कळत नाही, कितीही मोठी आठवण दिली तरी. दुसरा: किंमत ज्याची त्यानंच द्यायची, दुसऱ्याची चिठ्ठी फाडता येत नाही.

मग तेच गाव पुन्हा मांडलं. आता संशयाला एक आकडा दिला. गुरू मेलं की तो एकानं वाढतो आणि सहावर गेला की गाव कोणाच्या तरी दारात जातं. संशय तलाव उतरवू शकत नाही. त्यासाठी दारोदार फिरायचं, गुरं कशानं मरतात ते शोधायचं, आणि बैठकीत त्या म्हातारीशेजारी जाऊन बसायचं. आमच्या गावात दोष चाऱ्यातल्या बुरशीचा निघाला. तो सापडेपर्यंत आकडा पाचवर गेला होता, आणि खरं सांगतो, मी चालवत असून माझ्या हाताला घाम होता.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. तिचं म्हणणं, फाडलेली चिठ्ठी शेजारच्या खेळाडूनं जपून ठेवावी, म्हणजे आपलं हरवलेलं कोणाला तरी माहीत राहील. मी म्हणतो, मग ते हरवलं कुठं? या रविवारी त्यावर मत घेणार आहोत. पाच जण तिच्या बाजूनं आहेत, असा माझा अंदाज आहे.

कोणाला खेळायला यायचं असेल तर चिठ्ठ्या घरून लिहून आणा.