‘लवकर’ म्हणजे किती?

इथल्या एका हॉस्पिटलमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या हातोहात फार्मसीत जायच्या. ते काम कॉम्प्युटरवर आणताना मी लिहिलं, ‘चिठ्ठी लवकर पोचावी.’ प्रोग्रामरच्या हिशेबी २० मिनिटं म्हणजे लवकरच! तिकडे वॉर्डात पेशंट वेदनेनं तळमळत होता. चूक माझीच. मग दिवसभर नर्सबाईंच्या शेजारी उभा राहिलो आणि पुन्हा लिहिलं: ‘डॉक्टरांची नोंद १ मिनिटाच्या आत फार्मसीच्या स्क्रीनवर दिसली पाहिजे, न दिसल्यास नर्सला सूचना गेली पाहिजे.’ आय-ट्रिपल-ई ८३० या १९९८ च्या मानकानंही हेच सांगितलं होतं: लिहिलेली प्रत्येक गरज तपासून बघता आली पाहिजे. घरीसुद्धा मुलांना ‘लवकर या’ऐवजी ‘सातला या’ सांगून बघा!