दर्याचें पंचांग आणि वादळें
(एका कोळीवाड्यांत दिलेलें भाषण)



तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हें येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. अष्टमी असेल तर सुमारें सहा वाजतां भरती. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी चंद्राच्या ओढीनें चढतें, म्हणून तिथीचा हिशेब येथें जमतो.

पण वारा चंद्राचें ऐकत नाहीं. सूर्य उत्तरेकडे सरकून जमीन तापली म्हणजे नैर्ऋत्येचा वारा उठतो. त्याची गणती सूर्याच्या नक्षत्रांवर. मृग दरवर्षीं ७-८ जूनच्या सुमारासच लागतो. तोंवर होड्या वर ओढून शाकारून झाल्या पाहिजेत, हा पेरणीइतकाच पक्का नेम. नारळीपौर्णिमा मात्र तिथीची. २०२० सालीं ती ३ ऑगस्टास आली. २०२३ सालीं अधिक श्रावण पडल्यामुळें ३० ऑगस्टास. वारा कांहीं सत्तावीस दिवस तिची वाट पाहत बसला नव्हता! नारळ तिथीस सोडावा, होडी लाट पाहून लोटावी. जुने तांडेल तेंच करीत. त्यासाठीं त्यांना भटजीस विचारावें लागलें नाहीं.

आतां ज्यासाठीं आम्ही उभे राहिलों तें सांगतों. हें पंचांग पावसाळ्याचा खवळलेला दर्या सांगतें, चक्रीवादळ सांगत नाहीं. ऐन पावसाळ्यांत खालचे वारे एकीकडे व आभाळांतले वरचे दुसरीकडे जोरानें धांवतात, त्यामुळें वादळाचा भोंवरा सहसा उभा राहत नाहीं. तो उभा राहतो मृगाच्या आगेमागें आणि पुन्हां आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत, पाणी ऊन व वरचा वारा मंद असतांना. म्हणजे ज्या महिन्यांत आपण दर्या मोकळा समजतों त्यांतच! ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजीं आलें. दिवाळी होऊन गेलेली, कोंकणांतल्या होड्या मासळीसाठीं दूर गेलेल्या. कित्येक खलाशी घरीं आले नाहींत. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, मृगाच्या चारपांच दिवस आधीं.

कोणी म्हणेल, आभाळ पाहून कळतें. कळतें, पण दूर गेलेल्या होडीस तेवढा वेळ परतायला पुरत नाहीं. उपग्रहास भोंवरा पुष्कळदां दोनतीन दिवस आधीं दिसतो. तेव्हां घटस्थापनेपासून हवामान खात्याचा इशारा शाळेबाहेरील फळ्यावर रोज सकाळीं लिहिण्याचें आम्ही पत्करितों. मोठीं मुलें तो घरोघर जाऊन सांगतील. तांडेलांनीं निघण्यापूर्वीं फळ्यापाशीं यावें, आणि दर्यांत गेल्यावर वायरलेस बंद ठेवूं नये.