पिलू नर की मादी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही आपल्या कोंबड्यांबद्दलच बोला." तेव्हा पिलू नर की मादी हे कसे ओळखावे, एवढेच मी सांगणार आहे. विषय लहान आहे. पण त्यात माझी एकदा फजिती झाली. फजिती माझी, नुकसान मात्र दुसरीचे.

दोन वर्षांमागे शेजारच्या वहिनींनी माझ्याकडून तीन तलंगा घेतल्या. अंडी विकून मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च काढावा, असा त्यांचा बेत. पिले जेमतेम महिन्याची होती. पाय धरून उलटे केले की धडपडतो तो नर, गप्प राहते ती मादी, असे मी ऐकले होते. तशीच तीन गप्प पिले काढून दिली आणि पैसे घेतले. वहिनींनी तीन महिने दाणे घातले, मुंगसापासून राखले. तुरे वाढत होते, पण माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा! एके पहाटे एकाने बांग दिली, आठवड्यात दुसऱ्याने. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र आल्या नाहीत.

तेव्हापासून मी पिलांच्या पायांना रंगीत दोरे बांधून वहीत नोंद ठेवू लागले. पाय वाढतो तसा दोरा सैल करावा, नाहीतर तो मांसात रुततो.

पहिली गोष्ट ही की, गावठी पिलू एका दिवसाचे असताना बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. जपानी तज्ज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात पिलाचा मागचा भाग तपासून नर-मादी ओळखण्याची विद्या शोधली. पण ती शिकलेल्या हातांचीच. आपण दाबादाबी केली तर पिलू दगावायचे. ऱ्होड आयलंड रेड नर आणि लाइट ससेक्स मादी यांची पिले रंगावरून कळतात : नर फिकट, मादी तांबूस. आपल्या परसातल्या मिश्र कोंबड्यांना तो नियम लागू नाही.

टोकदार अंड्यातून नर निघतो, हाही समजच. मी टोकदार अंडी वेगळी करून खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पिले निघाली, त्यांत पुढे तलंगाही झाल्या.

मग पाहावे काय? पाच-सहा आठवड्यांनंतर एकाच रवणीची, एकाच जातीची पिले शेजारी शेजारी ठेवावीत. नराचा तुरा लवकर वाढतो व लाल होतो, चोचीखालच्या पाळ्याही दिसू लागतात. मादीचा तुरा लहान आणि फिकट राहतो. नराचे पाय जाड असतात. कडकनाथला तांबड्या तुऱ्याची खूण लावू नये, त्याचा तुरा मुळातच काळपट.

खरी भरवशाची खूण पिसांची. तीन महिन्यांच्या सुमारास मानेवरची आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसे पाहावीत. नराची लांब, टोकदार व चकचकीत. मादीची आखूड व गोल टोकाची. तलंग अंड्यावर आली की तिचाही तुरा लाल होतो, म्हणून नुसत्या तुऱ्यावर जाऊ नये. एक खूण पाहून बोलू नये, दोन-तीन जुळल्या तरच बोलावे.

जाता जाता एक सांगते. कोंबड्यांत पिलू नर की मादी, हे कोंबडीकडून ठरते. माणसांत मात्र ते पुरुषाकडून ठरते. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. मुलगी झाली की बोल सुनेला! निदान मंडळातल्या सासूबाईंनी तरी हे ध्यानात ठेवावे.

गेल्या पावसाळ्यात चार महिन्यांच्या तीन तलंगा डालग्यात घालून मी वहिनींच्या दारी गेले. पिसे दाखवली, पैशांचे नाव काढले नाही. वहिनींनी डालगे आत घेतले आणि म्हणाल्या, "चहा टाकते, बसा." आज त्या इथे पुढच्याच रांगेत आहेत.

आता कोणी महिन्याचे पिलू दाखवून विचारले, तर मी सरळ सांगते, "अजून कळत नाही, थोडे थांबा." असे म्हणण्यात कमीपणा नाही, हे मी कोंबड्यांकडून शिकले.