चष्म्याचा पूर्ण नंबर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंट ज्या अंधाऱ्या खोलीत बसतो, तिथं माझं काम चालतं. नंबर काढण्याचं काम. या खोलीत मुलांचे आईवडील एक विनंती पुन्हा पुन्हा करतात. ‘‘मॅडम, नंबर थोडा कमीच लिहून द्या ना. पूर्ण दिला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर वाढत जातो.’’ आज मला या एका विनंतीविषयी बोलायचं आहे. ती मायेपोटी केलेली असते, पण तिच्यानं मुलाचं भलं होत नाही.

जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट, यालाच आपण मायनस नंबर म्हणतो. तो का लागतो? नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागं साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. काही मुलांचा डोळा मात्र थांबत नाही, लांबतच राहतो. सिनेमाचं यंत्र जागेवर ठेवून पडदा तेवढा मागं सरकवला तर चित्र पुसट होईल, तसंच इथं घडतं. प्रतिमा डोळ्याच्या पडद्याच्या अलीकडेच जुळते. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर वाढतो, इतकं हे नाजूक गणित आहे. प्रतिमा पडद्यावर उमटते आणि अंतर्गोल भिंग ती मागं ढकलून जागेवर आणतं, हे केप्लरनं १६०४ सालीच मांडलं होतं.

म्हणजे डोळा लांबतो म्हणून नंबर वाढतो, चष्मा घातला म्हणून नव्हे. आठव्या-नवव्या वर्षी लागलेला चष्मा दरवर्षी बदलावा लागतो, कारण ते वयच वाढीचं आहे. चष्मा आणि वाढ एकाच वेळी दिसतात, म्हणून दोष चष्म्यावर येतो. मलेशियात मुलांचे दोन गट करून हे तपासलं गेलं. एका गटाला पूर्ण नंबर दिला, दुसऱ्याला साधारण पाऊण नंबर कमी. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन वर्षांत कमी नंबरवाल्यांचा नंबर जास्त वाढला होता. पुढच्या अभ्यासांत फरक कमी-अधिक आला, पण कमी नंबर देऊन वाढ रोखता येते असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. मुलाला फळा मात्र तेवढे दिवस पुसटच दिसतो.

पालकांच्या भीतीत एक खरी गोष्ट आहे, तीही सांगते. गरजेपेक्षा जास्त नंबर दिला जाऊ शकतो. लहान मुलांच्या डोळ्यांत जवळचं पाहण्यासाठी ताण देण्याची ताकद फार असते. तपासताना मूल नकळत ताण देतं आणि मायनस नंबर फुगून येतो. नुसत्या कॉम्प्युटरच्या चिठ्ठीवर मुलाचा चष्मा करू नये तो यासाठी. थेंब टाकून, ताण सैल करून तपासावं लागतं. बाहुली मोठी होते, उजेड खुपतो, एखादा दिवस किंवा थोडं जास्त वाचता येत नाही. पालक कुरकुरतात, पण ही तपासणी टाळू नका. मग आम्ही लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतो. हिरव्यावरची जास्त ठळक दिसली तर नंबर जास्त झाला, उतरवा. रांगेत बसलेली मुलं पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात, म्हणून तक्ताही बदलावा लागतो. या सगळ्याला वेळ लागतो. तो वेळ मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नंबर बरोबर निघाला तरी चष्मा बरोबर बसायला हवा. मायनस काच डोळ्यापासून लांब गेली की तिची ताकद कमी पडते. सैल फ्रेम नाकावर घसरली म्हणजे मुलाला नंबर कमी मिळाल्यासारखंच होतं. दुकानात फ्रेमचा रंग बघण्याआधी ती नाकावर आणि कानामागे नीट बसते का ते बघा. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाही.

मुलींच्या बाबतीत मला फार वाईट वाटतं. चष्मा केलेला असतो, पण तो दप्तरात. पाहुणे आले की काढायचा, फोटोत काढायचा, कारण पुढं लग्नाचं बघायचं आहे. बारा वर्षांची पोर डोळे बारीक करून फळ्यावरचं वाचते, शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते आणि अभ्यासात कच्ची ठरते. हा अन्याय आहे, आणि तो घरातूनच होतो.

मग डोळ्याची वाढ रोखता येते का? थोडी येते. आणि नंबर लागण्याआधी सर्वांत सोपा उपाय बाहेरचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, इतर शाळांत सुमारे ४० टक्के. तैवाननं २०१० पासून रोज दोन तास बाहेर, असा देशव्यापी कार्यक्रमच घेतला. उन्हात तापायची गरज नाही. घरात ट्यूबलाइटखाली काही शे लक्स उजेड असतो, झाडाच्या सावलीत काही हजार. आपल्याकडे शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की अंधार. ही वेळापत्रकं आपणच केलेली आहेत, बदलूही शकतो.

नंबर लागल्यावर वाढ मंदावणारे उपायही आहेत. रात्री टाकायचे कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब, आणि खास बनावटीच्या काचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स. कुणाला काय हे डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील. थेंब मेडिकलमधून परस्पर आणू नका. गाजरानं किंवा डोळ्यांच्या व्यायामानं मायनस नंबर उतरत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

लेसर ऑपरेशन अठरा वर्षांनंतर, नंबर स्थिर झाल्यावरच करतात. त्यानं चष्मा सुटतो, पण लांबलेला डोळा लांबच राहतो. सहाच्या पुढं नंबर असणाऱ्यांचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. त्यांनी लेसरनंतरही दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. डोळ्यात अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके तरंगू लागले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी वह्या-दप्तराच्या खरेदीबरोबर मुलांचे डोळे तपासून घ्या, मूल तक्रार करत नसलं तरीही. चष्मा लागला तर पूर्ण नंबराचा करा, दिवसभर घालायला लावा आणि दर सहा महिन्यांनी परत दाखवा.