पाडव्याची नवी वही

दिवाळीचा पाडवा आला की आपला दुकानदार नवी वही पूजतो. पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो. पण लाभ यायचा कसा, हे मात्र लिहीत नाही!

मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चारच पुडे झाले. पण तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. तोच पुढे घरोघरी गेलेला ‘लिज्जत पापड’. संकल्प असा नेमका हवा.

आता आपली उधारी पाहा. शंभराच्या विक्रीत दहा रुपये सुटत असतील आणि खरेदीचे २,००० रुपये उधारीत बुडाले, तर ते भरून काढायला २०,००० रुपयांची विक्री करावी लागते. गुरुजी, हे गणित मुलांना घालाच! गिऱ्हाईक भरपूर असूनही वसुलीअभावी दुकान बसते, ते असे.

तेव्हा यंदा ‘शुभ-लाभ’खाली एकच ओळ लिहा : उधारी अमुक रकमेपुढे जाऊ देणार नाही. आणि दर महिनाअखेर ते पान उघडून पाहा.