पोथी, ग्रंथ आणि गाठ
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीतला साधा कारकून आहे. जुन्या दप्तराची धूळ झाडण्यात माझी वीस वर्षे गेली. तेव्हा विद्वत्तेचे काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. परंतु देवळाचा जुना गाभारा उतरविताना जे पाहिले, ते आज सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या भैरवनाथाच्या गाभाऱ्यात उजव्या हाताला एक देवळी होती, हे जुन्या माणसांना आठवत असेल. तिच्यात लाल फडक्यात बांधलेल्या दोन पोथ्या होत्या. एक 'हरिविजया'ची. ती दर श्रावणात सोडली जाई, वाचली जाई, पुन्हा बांधली जाई. दुसरी फार जुनी म्हणून तिला कोणी हात लावीत नसे. सणावाराला बाहेरूनच हळद-कुंकू वाहायचे, एवढेच. चैत्रात देवळी मोकळी केली तेव्हा पहिली पोथी जशीच्या तशी निघाली. दुसरीची गाठ सोडली, तर आत भुसा. वरच्या-खालच्या लाकडी फळ्या तेवढ्या शाबूत, मधली पाने वाळवीने खाल्लेली. ती पोथी कोणती होती, हेसुद्धा आता कळायला मार्ग नाही.

यात दोष कोणाचा म्हणाल, तर माझा. पाच-सहा वर्षांपूर्वी पुजारीबुवा मला म्हणाले होते, "भाऊसाहेब, तुम्ही कागदपत्रांतले जाणकार. एकदा सोडून बघा." मी आज बघतो, उद्या बघतो, करीत राहिलो. सोवळ्यातल्या वस्तूला आपण कशाला हात लावा, असेही मनात आले. ती चुकारपणाची सबब होती, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

तेव्हापासून 'पोथी' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. शब्दकोश चाळले, जाणत्या गुरुजींना विचारले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

'पोथी' हा शब्द संस्कृत 'पुस्तिका' यावरून प्राकृतातल्या 'पोत्थिआ'च्या वाटेने आला. आता 'पुस्त' कुठून आला? पुष्कळ भाषापंडित असे मानतात की तो इराणकडच्या 'पोस्त' या शब्दापासून आला असावा. पोस्त म्हणजे कातडे. त्या मुलखात कमावलेल्या कातड्यावर लिहीत असत. आणि आमच्या कचेरीतले 'दप्तर' पाहा. ते फारसीतून मराठीत आले, पण त्याचे मूळ ग्रीक भाषेत, आणि तिथेही त्याचा अर्थ कमावलेले कातडे असाच आहे. म्हणजे देवळातली पोथी आणि कचेरीतले दप्तर मुळात बहिणी-बहिणी निघाल्या. ज्या शब्दाला आपण सोवळे नेसवले, त्याच्या उगमाशी कातडे कमावणारा हात असावा, हे विसरू नये.

दुसरा शब्द 'ग्रंथ'. याचा धातू 'ग्रथ्', म्हणजे ओवणे, बांधणे. ताडपत्रांना भोक पाडून त्यांतून दोरा ओवीत आणि गाठ मारीत. पुढे कागद आला, तरी पोथ्यांची पाने लांबट आणि सुटीच राहिली, ती त्या जुन्या सवयीने. आपल्या 'गाठ' या शब्दाचे मूळही तेच आहे. गाठोडे त्यातलेच आणि लग्नगाठ त्यातलीच. भगिनींनो, तुमच्या गळ्यातले गंठण हेही 'ग्रंथन'च. तेव्हा अक्षर येवो न येवो, ग्रंथाचा सोयरा दागिना तुम्ही रोज अंगावर वागविता.

या शब्दाचा आणखी एक अर्थ ऐकून मला मौज वाटली. पूर्वी पोथ्यांची नक्कल करणारे लेखक बत्तीस अक्षरांना एक 'ग्रंथ' धरीत आणि त्या हिशेबाने मजुरी मोजीत. आम्ही नकलेची फी मोजून घेतो, तसेच हे! डॉक्टर मंडळी शरीरातल्या गाठींना 'ग्रंथी' म्हणतात. शीख बांधवांत ग्रंथ वाचणाऱ्या सेवेकऱ्याला 'ग्रंथी' म्हणतात. नांदेडला १७०८ साली गुरु गोविंदसिंहांनी आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू, असे सांगितले. त्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. नामदेव शिंपी, आणि त्याच ग्रंथात ज्यांची पदे आहेत ते रोहिदास चर्मकार. सुईदोरा आणि कातडे, दोन्ही एका ग्रंथात बसली.

'गाथा' म्हणजे गायची ती. आपल्या बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने तुकोबारायांची पालखी जाते, तेव्हा गाथा वारकऱ्यांच्या मुखात असते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तेरा दिवस राहून वर आल्या, अशी आख्यायिका आहे. माझी समजूत अशी की लोकांनी त्या तोंडी जपल्या होत्या, म्हणून त्या बुडणे शक्यच नव्हते.

परधर्मीयांचे पाहिले तरी हेच दिसते. 'कुराण' म्हणजे पठण. 'बायबल' म्हणजे पुस्तके. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोमंतकात ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत छापले, त्याला पुढे लोक 'क्रिस्तपुराण' म्हणू लागले. पुराण म्हणजे जुने, पण ते सांगायचे असते. आपल्या बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून तेच केले. पुराण सांगितले आणि आर्या रचल्या. अर्थात लांबण लावणाऱ्यालाही आपण 'पुराण लावले' म्हणतो, याची मला जाणीव आहे!

मंडळी, या सगळ्या शब्दांत ओवणे आहे, गाणे आहे, वाचणे आहे. बांधून ठेवून द्यावे आणि कोणी शिवू नये, असे एकाही शब्दाच्या पोटात नाही. गाठ मारायची ती पुन्हा सोडता यावी म्हणून. आमच्या अभिलेख कक्षातही हाच अनुभव येतो. जे रुमाल वरचेवर सुटतात ते टिकतात. जे कोपऱ्यात पडून राहतात त्यांना कसर लागते.

माझी आई निरक्षर होती. श्रावणात ती मंडपाच्या अगदी कडेला बसून पोथी ऐके. घरी आल्यावर भाकरी थापता थापता सगळी कथा आम्हाला सांगे. पोथीला तिचा हात उभ्या आयुष्यात लागला नाही. आपण लावावा असे तिला कोणी म्हटले नाही, मीही नाही.

म्हणून समितीला तीन विनंत्या करतो. उरलेल्या पोथीसाठी काचेचे कपाट करावे. खर्च मी माझ्या पगारातून देतो. दर एकादशीला गाठ सोडून पाने वाऱ्याला द्यावीत. वाचनाची पाळी सर्व वस्त्यांना आणि आयाबहिणींना द्यावी. पंढरीच्या विठोबाचे दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर सर्वांना उघडले. आपल्या कपाटाचे दार बंद राहू नये. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी त्या नीरेत सोडू नयेत. पुण्याला भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे दाखवाव्यात.

देणगीदारांची नावे दगडावर कोरली आहेत, ती टिकतील. त्या वाळवी लागलेल्या पोथीच्या दोन फळ्या मी टाकू दिल्या नाहीत. त्या कपाटात हरिविजयाशेजारी ठेवाव्यात. मधली जागा रिकामी दिसेल, ती दिसू द्यावी.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!